नेटच्या आपल्याच बाजूचा प्रतिस्पर्धी : 'हाइक्यू' बघताना

(एपिसोडचं लेखी रूप. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

  हेडफोन लावून लोकलमध्ये, पीएमपीएमएलमध्ये, मेसच्या रांगेत, जिथे असाल तिथे तुमचं स्वागत.

गेल्या वेळी मी विचारलं होतं की स्पोर्ट्स ॲनिमेवर बोलू का. त्यावर आलेल्या मेसेजपैकी निम्म्यांनी एकच नाव लिहिलं, 'हाइक्यू'. उरलेल्यांनी विचारलं, "ॲनिमेमध्ये खेळ कशाला बघायचा, खरी मॅच बघू ना!" आज दोघांशीही बोलायचंय. आणि एक गोष्ट कबूलही करायची आहे. ती जरा उशिरा येईल, कारण आधी तुम्हाला कोर्टवर उभं करायला हवं.

आधी एक सूचना. चौथ्या सीझनपर्यंतच्या बऱ्याच गोष्टी मी फोडणार आहे. ज्यांना कोरं बघायचंय त्यांनी इथेच थांबा, ८५ एपिसोड बघून या, मी इथेच आहे.

तर 'हाइक्यू' म्हणजे जपानी भाषेत व्हॉलीबॉल. हारुइची फुरुदाते यांची ही मांगा. 'वीकली शोनेन जम्प' या साप्ताहिकात ती २०१२ मध्ये सुरू झाली आणि २०२० मध्ये संपली. एकूण ४५ खंड. प्रॉडक्शन आय.जी. या स्टुडिओने २०१४ मध्ये तिचा ॲनिमे आणला. गोष्ट घडते जपानच्या मियागी प्रांतात, कारासुनो नावाच्या शाळेत. ही शाळा एकेकाळी राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेली, पण आता मागे पडलेली. लोक त्यांना टोमणा मारतात, उडता न येणारे कावळे. 'कारासू' म्हणजे जपानीत कावळा, म्हणून.

हिनाता शोयो नावाचा एक बुटका मुलगा लहानपणी टीव्हीवर कारासुनोची मॅच बघतो. त्यात एक कमी उंचीचा खेळाडू उंच उंच ब्लॉकर्सच्या डोक्यावरून बॉल मारत असतो. झालं, पोरगं वेडं होतं. पण त्याच्या शाळेत मुलांची धड टीमच नाही. तिसऱ्या वर्षी कशीबशी माणसं गोळा करून तो एक अधिकृत मॅच खेळतो आणि साफ हरतो. समोरच्या टीमचा सेटर असतो कागेयामा तोबियो. त्याचं टोपणनाव 'कोर्टचा राजा'. हिनाता रडत रडत त्याला सांगतो की मी तुला एक दिवस हरवणार. मग हायस्कूलमध्ये कारासुनोच्या जिममध्ये पोचतो, आणि तिथे आधीच कोण सराव करत उभा असतो? कागेयामा!

ज्याला हरवायचं म्हणून दिवस काढले, तोच आता आपल्या टीममध्ये. सगळी सिरीज या एका विचित्र मांडणीवर उभी आहे.

आता ज्यांना व्हॉलीबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. आमच्या बार्शीकडे गावात संध्याकाळी शूटिंग खेळतात. बॉल आला की हात जोडून थेट पलीकडे हाणायचा. मी ते बघतच मोठा झालो, त्यामुळे सेटर हा काय प्रकार असतो हे मला कॉलेजमध्ये कळलं, आणि खरं सांगायचं तर ॲनिमे बघून कळलं. व्हॉलीबॉलमध्ये एका बाजूला जास्तीत जास्त तीन टच मिळतात. साधारणपणे पहिला उचलतो, दुसरा टॉस देतो, तिसरा मारतो. टॉस देणारा तो सेटर. आणि दोन नियम महत्त्वाचे आहेत. एक, बॉल धरून ठेवता येत नाही. दोन, ब्लॉकचा अपवाद सोडला तर एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा बॉलला हात लावता येत नाही.

या दुसऱ्या नियमाकडे नीट बघा. फुटबॉलमध्ये एखादा मेस्सी बॉल घेऊन पाच जणांना चकवून गोल करू शकतो. बास्केटबॉलमध्ये एकटा पळत जाऊन बास्केट करता येते. व्हॉलीबॉलमध्ये तुम्ही जगात सगळ्यात भारी असलात तरी बॉल दुसऱ्याच्या हातात द्यावाच लागतो. ते नियमातच लिहिलेलं आहे. म्हणून इथली दुश्मनीसुद्धा वेगळी होते. समोरच्याला हरवणं हा भाग आहेच, पण खरी ओढाताण नेटच्या आपल्याच बाजूला चालते.

आता कागेयामाकडे येऊ. 'कोर्टचा राजा' हे ऐकायला भारी वाटतं. मलाही वाटलं होतं, पोरगं एवढं चांगलं खेळतं म्हणून नाव पडलं असेल. मग कळतं की ती शिवी होती. मिडल स्कूलमध्ये हा इतका वेगवान टॉस द्यायचा की मारणाऱ्यांना पोचताच यायचं नाही. आणि पोचले नाहीत की हा ओरडायचा, अजून जोरात पळा, अजून उंच उडी मारा, मला जिंकायचंय. त्याचं तांत्रिकदृष्ट्या काही चुकत नव्हतं बरं का. टॉस अचूकच होता. मग एका मोठ्या मॅचमध्ये तो टॉस देतो, मागे वळून बघतो, तर तिथे कुणीच नाही. कुणी उडीच मारलेली नाही. बॉल येतो आणि जमिनीवर पडतो. कोच त्याला बाहेर बसवतो.

अख्ख्या सिरीजमध्ये मला सगळ्यात भयानक वाटलेलं दृश्य हेच. कुणी भांडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी फक्त उडी मारणं बंद केलं.

हे दृश्य लक्षात ठेवा, मी परत येणार आहे त्याच्याकडे.

कारासुनोत आल्यावर कॅप्टन दाइची या दोघांना सरळ जिमबाहेर काढतो. आपण एका टीममधले आहोत हे पटल्यावर या, म्हणतो. मग तीन विरुद्ध तीन मॅच होते आणि तिथे त्यांची प्रसिद्ध क्विक जन्माला येते. हिनाताकडे उंची नाही, तंत्र नाही, पण वेग आणि उडी अफाट. कागेयामाकडे इतकी अचूकता की तो हवेत पाहिजे तिथे बॉल ठेवू शकतो. मग हिनाता डोळे मिटून पूर्ण ताकदीने उडी मारतो, हात फिरवतो, आणि कागेयामा बॉल बरोबर त्याच्या हातावर आणून देतो. डोळे मिटून! समोरच्यांना कळतच नाही काय झालं.

बहुतेक सिरीज इथेच खूश झाल्या असत्या. दोन शत्रू मित्र झाले, एक सुपर शॉट मिळाला, आता जिंकत जा. पण 'हाइक्यू' पहिल्या सीझनच्या शेवटी तोच शॉट मोडून दाखवते. इंटर-हायमध्ये आओबा जोसाई विरुद्ध तिसऱ्या सेटचा शेवटचा पॉइंट. कागेयामा तीच क्विक देतो आणि समोरचा ब्लॉक ती अडवतो, कारण पलीकडच्या सेटरने, ओइकावाने, ती आधीच ओळखलेली असते. बॉल यांच्याच बाजूला पडतो. मॅच संपली. नंतर कोच उकाई सगळ्यांना जेवायला घेऊन जातो आणि पोरं रडत रडत भात खातात.  नुसते घास आणि हुंदके. हरल्यानंतरचं जेवण इतकं खरं मी दुसऱ्या कुठल्या सिरीजमध्ये बघितलं नाही.

आता या एपिसोडचा मुद्दा सुरू होतो.

दुसऱ्या सीझनमध्ये हिनाता म्हणतो, मला आता डोळे मिटून मारायचं नाही. मला हवेत असताना बघायचंय, ठरवायचंय, माझं मी लढायचंय. आणि कागेयामा चिडतो. त्याचं म्हणणं साधं आहे. जे चालतंय ते का बिघडवायचं? मोठी स्पर्धा तोंडावर आलीय. तुझ्या इच्छेची इथे काय गरज, मी देतोय ना बॉल बरोबर. दोघांची हाणामारी होते. यातलं कुणाला काही कळत नसलेली मॅनेजर याची धावत जाते आणि तानाकाला बोलावून आणते, तेव्हा कुठे भांडण सुटतं. त्यानंतर बरेच दिवस दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत.

यात दोघंही बरोबर आहेत, म्हणून मला हे भांडण आवडतं. पहिली क्विक खरंच चालत होती. पण तिच्यात हिनाता फक्त एक हात होता. बघायचं कागेयामाने, ठरवायचं कागेयामाने, आणि हिनाताने विश्वास ठेवायचा. विश्वास ही चांगली गोष्ट आहे हो, पण नुसत्या विश्वासावर माणूस मोठा होत नाही. त्याला डोळे उघडावे लागतात, आणि डोळे उघडले की सुरुवातीला चुका होतात. झालंही तसंच. टोकियोच्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये कितीतरी दिवस त्यांची नवी क्विक चुकत राहते. टीमच्या मॅचेस हरतात. जुनी परत आणली तर लगेच जिंकता येईल हे सगळ्यांना दिसत असतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा चालू प्रोजेक्टमधला रिफॅक्टर आहे. कोड चालतोय, क्लायंट खूश आहे, आणि एक जण म्हणतोय की हे मुळातून परत लिहू. मॅनेजर काय म्हणतो ते तुम्हाला माहीतच आहे. "चालतंय ना? मग हात लावू नको."

आणि कागेयामाला उत्तर कुठून मिळतं बघा. ओइकावाकडून. ज्या माणसाने त्याला हरवलं, जो त्याचा तिरस्कार करतो, त्याच्याकडेच तो सल्ला मागतो. ओइकावा आधी त्याला वाकून नमस्कार करायला लावतो आणि त्याचा फोटो काढून घेतो. इतका पोरकट माणूस! पण सल्ला मात्र खरा देतो. सार असं, की तू हिनाताला पाहिजे तसा टॉस द्यायचा खरंच प्रयत्न केलास का, की परत राजा व्हायचंय? कागेयामाला ते झोंबतं. मग तो मारणाऱ्याजवळ बॉलचा वेग मरेल आणि बॉल तिथेच खाली उतरेल असा टॉस शिकायला घेतो. म्हणजे हिनाताला बघायला, ठरवायला क्षणभर वेळ मिळेल. आपलं कौशल्य कमी न करता दुसऱ्यासाठी जागा कशी करायची, याचं उत्तर त्याला टॉसमध्येच सापडतं.

ओइकावाबद्दल थोडं बोललंच पाहिजे, कारण माझ्या मित्रांमध्ये निम्मे त्याचेच फॅन आहेत. त्याची अडचण अशी की वर उशिजिमा आहे, ज्याला तो कधीच हरवू शकला नाही, आणि खालून कागेयामा येतोय, जो त्याच्यापेक्षा उपजत हुशार आहे. दोघांच्या मध्ये सापडलेला माणूस. मिडल स्कूलमध्ये कागेयामा त्याच्याकडे सर्व्ह शिकवा म्हणून येतो, तेव्हा ओइकावाचा हात त्याच्यावर उठतो. इवाइझुमी मध्ये पडतो, आणि ओइकावाला डोक्याने टोला मारून भानावर आणतो. तू एकटा कुणाला हरवणार आहेस, कोर्टवर सहा जण असतात, अशा अर्थाचं सुनावतो. तिथून ओइकावा असा सेटर होतो की कुठल्याही टीममध्ये गेला तरी प्रत्येकाकडून त्याचं सर्वोत्तम काढून घेईल. तरी सिरीज त्याला जिंकवत नाही. तो पुन्हा हरतो, आणि तरी थांबत नाही. वाढ झाली की बक्षीस मिळतंच, असं 'हाइक्यू' कधी सांगत नाही.

त्सुकिशिमाची वाट याच्या उलट. हा उंच, हुशार आणि कशातच जीव न ओतणारा. कारण लहानपणी त्याचा मोठा भाऊ घरी सांगायचा की मी टीमचा मुख्य खेळाडू आहे. हा मॅच बघायला गेला, तर भाऊ कोर्टवर नाही, प्रेक्षकांत उभा राहून टीमला चिअर करतोय. तेव्हापासून त्याने ठरवलं, हा नुसता शाळेतला क्लब आहे, जीव टाकायचा नाही, म्हणजे दुखणार नाही. त्याला हलवतो कोण? त्याच्या मागे मागे फिरणारा यामागुची. एका रात्री तो त्याची कॉलर धरतो आणि विचारतो, स्वाभिमानाशिवाय आणखी कारण कशाला हवंय. पुढे शिराटोरिझावाविरुद्ध दुसऱ्या सेटच्या शेवटी त्सुकिशिमा उशिजिमाचा शॉट अडवतो. एकच ब्लॉक! आणि कधीही न ओरडणारं ते पोरगं मूठ आवळून ओरडतं. तो अख्खा तिसरा सीझन म्हणजे एकच मॅच आहे, दहा एपिसोड. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा रूममेटला उठवलं होतं. त्याने उशी फेकून मारली, ती गोष्ट वेगळी.

आणि स्वतः यामागुची! पहिल्या वर्षाच्या पोरांमध्ये तोच एक सुरुवातीच्या सहात नाही. एका किराणा दुकानदाराकडे जाऊन जम्प फ्लोट सर्व्ह शिकतो. पहिल्या संधीला सर्व्ह चुकते. दुसऱ्या वेळी घाबरून साधी सर्व्ह करतो आणि त्याला त्याचीच लाज वाटते. मग आओबा जोसाईविरुद्ध त्याच्या सर्व्हने मॅचचा रंग बदलतो. चुकणं त्याने पचवलं होतं. बिचकून मागे हटलो, हे त्याला जास्त लागलं. हा फरक फार बारीक आहे, आणि आपल्यापैकी इंटरव्ह्यूमध्ये "आय डोन्ट नो" म्हणायला घाबरून गप्प बसलेल्या प्रत्येकाला तो कळेल.

आता माझी कबुली.

मी 'हाइक्यू' पहिल्यांदा बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला बघितलं, हॉस्टेलमध्ये, मित्राच्या लॅपटॉपवर. तेव्हा माझ्या डोक्यात अजिबात शंका नव्हती की मी हिनाता आहे. छोट्या गावातला, मराठी मीडियमचा, इंग्लिशला घाबरणारा, पण उडी मारणारा. वॉलपेपरसुद्धा हिनाताचाच होता. हा गैरसमज बरीच वर्षं टिकला.

नोकरी लागली, पुण्यात आलो. माझ्याबरोबर त्याच दिवशी अजून एक जण जॉइन झाला. त्याचं नाव घेत नाही, तो हा पॉडकास्ट ऐकतो. एकच टीम, एकच बॅच, पगार जवळपास सारखा. म्हणजे आपोआप स्पर्धा. मी वेगाने काम करायचो आणि मला ते माहीत होतं. टीमचा एक महत्त्वाचा मॉड्यूल मी जवळपास एकट्याने लिहिला. दुसऱ्या कुणी त्यात बदल केला की मी रिव्ह्यूमध्ये तीस-चाळीस कमेंट टाकायचो. प्रत्येक कमेंट तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती, शपथ. हळूहळू लोकांनी त्या मॉड्यूलला हात लावणं सोडलं. मला वाटलं, वा, क्वालिटी राखली आपण.

मग एकदा दिवाळीला रात्रीच्या गाडीने गावी निघालो होतो. कुर्डूवाडीच्या आसपास फोन वाजला. प्रॉडक्शनवर प्रॉब्लेम, माझ्याच मॉड्यूलमध्ये. स्टेशनवर उतरलो, बॅगेवर बसून लॅपटॉप उघडला, पण नेटवर्क इतकं मरतुकडं की व्हीपीएन जोडेना. ग्रुप कॉलवर सात जण होते. मी म्हटलं, कुणीतरी फाइल उघडा, मी सांगतो. कुणी बोललं नाही. मग एक जण शांतपणे म्हणाला, "तुझा कोड आहे रे, आम्ही हात लावला आणि बिघडलं तर?" त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच भीती वाटत होती.

मी टॉस दिला होता आणि तिथे कुणीच नव्हतं.

शेवटी माझ्या त्या स्पर्धकानेच लॅपटॉप उघडला. म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही, पण तू ओळ सांग, मी टाइप करतो." फलाटावर उभा राहून मी एकेक ओळ तोंडी सांगत होतो आणि तो पुण्यात बसून टाइप करत होता. काय करतोय हे न कळता, डोळे मिटून. चाळीसेक मिनिटांत प्रॉब्लेम सुटला. माझी गाडी तोपर्यंत कधीच निघून गेली होती. पुढची एसटी पहाटे मिळाली, आणि अभ्यंगस्नानाला पोचलो नाही म्हणून आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच. पण मनातून मी खूश होतो. काय टीमवर्क, असं वाटत होतं.

सुट्टीनंतर तो माझ्या डेस्कवर आला आणि म्हणाला, "त्या रात्रीसारखं मला परत करायचं नाही. मला तो मॉड्यूल समजून घ्यायचाय, आणि काही भाग मी बदलणार आहे." आणि मला राग आला! मी काय म्हणालो माहितीये? "चालतंय ना? मग कशाला?"

त्या रात्री जेवताना सवयीने 'हाइक्यू'चा दुसरा सीझन लावला. तेच भांडण आलं. आधी दोनदा बघितलेलं, आणि दोन्ही वेळा मी हिनाताच्या बाजूने होतो. या वेळी कागेयामाचं तोंड उघडलं आणि माझंच वाक्य बाहेर आलं. ताट तसंच राहिलं.

तर मंडळी, मी हिनाता कधीच नव्हतो. गावाकडून आलेला, कमी समजला गेलेला माणूससुद्धा राजा होऊ शकतो. आपण खालून वर आलो म्हणजे आपण कुणाला खाली ढकलत नाही, असं काही नसतं.

पुढे काय झालं? सिनेमासारखं काही नाही. मी त्याला मॉड्यूल समजावला, दोन आठवडे लागले. त्याने केलेल्या बदलांमुळे सुरुवातीला दोन नवे बग आले आणि "बघ, मी म्हटलं होतं" हे वाक्य मी गिळलं. पूर्ण गिळलं नाही, एकदा बोललोच. मग हळूहळू इतरही लोक त्या कोडमध्ये येऊ लागले. आणि पुढच्या अप्रेझलला टीम लीड तो झाला. मी नाही.

मला वाईट वाटलं. अजूनही वाटतं. खोटं कशाला बोलू.

या जागी मला सुगावारा आठवतो. कारासुनोचा तिसऱ्या वर्षाचा सेटर. पहिल्या वर्षाचा कागेयामा येतो आणि त्याची जागा घेतो. सुगाचं हे शेवटचं वर्ष. तो स्वतः कोचला सांगतो की जिंकण्यासाठी कागेयामाला खेळवा. पण बाजूला होऊन संत बनत नाही. माझी संधी आली तर मी तयार असेन, हेही सांगतो. आणि ती येते. आओबा जोसाईच्या मॅचमध्ये ओइकावाच्या ईर्ष्येने कागेयामा बावचळतो, तेव्हा कोच त्याला बसवून सुगाला आत पाठवतो. सुगाचा टॉस कागेयामाइतका चांगला नाही, पण तो प्रत्येकाशी बोलतो, खांद्यावर थाप मारतो, टीमचा श्वास परत जागेवर आणतो. कागेयामा बाहेरून बघत असतो. परत आत जातो तेव्हा हसायचा प्रयत्न करतो. ते हसू इतकं भीतीदायक असतं की टीमच घाबरते. पण प्रयत्न करतो.

आता कुणी म्हणेल, अरे, शाळेचा क्लब आणि कॉर्पोरेट एक आहे का? नाहीच आहे. क्लबमध्ये सगळ्यांना एकच मॅच जिंकायची असते. ऑफिसात रेटिंगच्या जागा मोजक्या असतात, एकाला वर घातलं की दुसरा खाली येतो. तिथे "तुझ्यामुळे मी सुधारतो" म्हणणं सोपं नाही, कारण त्याच्यामुळे तुमचा हप्ता आणि तुमची बढती अडू शकते. मी ही सिरीज बघून संत झालो असं समजू नका. पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कळलं. कोणाला जागा मिळाली, ही एक. मी कालच्यापेक्षा चांगला सेटर झालो का, ही दुसरी. पहिली माझ्या हातात नसते.

एक शेवटचं दृश्य सांगतो. चौथ्या सीझनमध्ये कागेयामा राष्ट्रीय युवा कॅम्पला जातो. तिथे मिया आत्सुमू त्याला म्हणतो, तू अगदीच गुणी बाळ आहेस. म्हणजे आता हा सगळ्यांना पाहिजे तसे टॉस देतो, स्वतः काही मागतच नाही. ते त्याच्या डोक्यात बसतं. नंतर दातेकोविरुद्धच्या सराव सामन्यात तो टीमवर परत भडकतो, जुन्या राजासारखा. आणि लगेच गोठतो. आता परत सगळे उडी मारणं बंद करणार, ही भीती त्याच्या चेहऱ्यावर दिसते. पण हिनाता म्हणतो, राजा असण्यात वाईट काय आहे हे मला कधी कळलंच नाही. तू सांग, पटलं तर करू, नाही पटलं तर नाही करणार.

इथे माझ्या लक्षात आलं की वाढ म्हणजे नरम होणं नव्हे. कागेयामाने मागणं सोडायचं नव्हतंच. बदल असा झाला की आता समोर "नाही" म्हणू शकणारी माणसं आहेत, आणि तो ते ऐकून घेतो. राजा तोच, फक्त या वेळी त्याच्या टीमचे डोळे उघडे आहेत.

मागच्या आठवड्यात माझ्या त्या स्पर्धकाने, म्हणजे आता लीडने, माझ्या एका बदलावर अकरा कमेंट टाकल्या. मी नऊ मान्य केल्या. दोनवर भांडलो, आणि एक जिंकलो. संध्याकाळी टपरीवर चहा प्यायलो, पैसे त्याने दिले. लीड आहे, देणारच.

बस, आज एवढंच. तुमच्या टीममध्ये, क्लासमध्ये, घरात असा कोण आहे की ज्याच्याशी तुमची चुरस आहे, आणि तरी ज्याच्याशिवाय बॉल पलीकडे जात नाही? मला लिहा. आणि तुम्ही कोणाला डोळे मिटून उडी मारायला लावताय का, तेही जरा बघा. ते नाही लिहिलंत तरी चालेल.

पुढच्या एपिसोडला भेटू. तोपर्यंत नीट जेवा, नीट झोपा, आणि भावांनो, टॉस द्यायच्या आधी एकदा मागे वळून बघा.